डबल स्पेसमध्ये, सत्यप्रतिज्ञेवर

...आणि वर हे जर्नलवाले म्हणतात, कागदाच्या एकाच बाजूला टाईप करा. का हो? मागची बाजू काय सरकारजमा झालीय? दोन ओळींत डबल स्पेस सोडा, डावीकडे चार बोटं समास सोडा, आणि तळटिपा द्या. तळटीप म्हणजे पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, हे वाक्य मी कुठून उचललं त्याची कबुली. तुम्हाला सांगतो, पोलीस चोराकडून एवढे कबुलीजबाब घेत नाहीत जेवढे हे लेखकाकडून घेतात... पण मी सोडणारा माणूस नाही.

मी श्यामकांत टिपणीस. दिवसा मुलुंडला वकिली आणि संध्याकाळी एका लॉ कॉलेजात लेक्चरर, तोही तात्पुरता, म्हणजे जूनमध्ये नेमणूक आणि मार्चमध्ये नारळ, पुन्हा जूनमध्ये नेमणूक. आमच्या प्राचार्या रत्नप्रभाबाई बोलायला फार गोड. "टिपणीस, तुमचं शिकवणं झकास आहे हो, पोरं पळून जात नाहीत. पण कमिटीला कागद लागतो. कायद्याच्या जर्नलमध्ये एक लेख छापून आणा, मी तुम्हाला कायम करून घेते." एकच लेख, बरं का! घरी बायकोला सांगितलं, तर वसुधा म्हणाली, "मग आणा की छापून. दर मार्चला तुमचं ते पडलेलं तोंड मला बघवत नाही." आता हे ऐकल्यावर माणूस लिहिणार नाही तर काय करणार?

विषय घरातलाच होता. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर तळमजल्याच्या बायका पापड वाळत घालतात आणि वरच्या मजल्यावरचे म्हणतात गच्ची आमची. मी लिहिलं, 'सामायिक गच्चीवर पापड वाळवणे: वहिवाटीचा हक्क आहे काय?' हसू नका, रोमन कायद्यापासून सुरुवात केली होती. जर्नल तिमाही, संपादक घाटकोपरला राहणारे रिटायर्ड न्यायाधीश. हाताने लिहून पाठवला तर आठवड्यात परत, सोबत हे सगळे नियम, शेवटची तारीख लाल शाईत.

गेलो काशीरामकडे. काशीराम घाडी कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली टाईपरायटर घेऊन बसतो, मूळचा मालवणकडचा, आमच्या सगळ्या वकिलांचं टायपिंग त्याच्याकडेच. म्हटलं, काशीराम, अर्जंट आहे. तो म्हणाला, "ठेवा थय. सांजच्याक घेवन जावा." संध्याकाळी गेलो, पोस्ट बंद व्हायला आलेलं, आणि काशीरामने नेहमीसारख्या पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या. आता आम्हा वकिलांचं असं असतं, फुली दिसली की हात आपोआप सही करतो, वाचायचं असतं हे डोक्यातच येत नाही. भराभरा सह्या ठोकल्या, पाकीट बंद, रजिस्टर पोस्ट. वसुधाला म्हटलं, झालं आपलं काम.

पाकीट परत आलं. उघडून बघतो तर लेख कोर्टाच्या हिरव्या लेजर पेपरवर, आणि पहिलं वाक्य काय? 'मी, खाली सही करणारा श्यामकांत टिपणीस, हिंदू, धंदा वकिली, राहणार मुलुंड, सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की, पापड वाळवणे...' रोमन कायदा परिच्छेद चार! तळटिपा गायब, त्यांच्या जागी पुराव्याच्या कागदांसारखी निशाणी अ, निशाणी ब. आणि शेवटी, 'तरी मेहेरबान जर्नलास प्रार्थना की हा लेख छापण्याचा हुकूम व्हावा.' आणि त्याखाली संपादकांच्या हातचं एका ओळीत: प्रार्थना नामंजूर, खर्चाबाबत हुकूम नाही.

वसुधा हसता हसता पलंगावर बसली. मला रडू यायचं बाकी होतं, कारण मार्च जवळ येत होता... पण मी सोडणारा माणूस नाही.

काशीरामला जाब विचारला तर तो माझ्यावरच चढला. "माका काय ठाव, जर्नल म्हणजे काय ता? वकिलाचो कागद म्हणजे कोर्टातच जातलो ना?" मग स्टूल घेऊन त्याच्या शेजारीच बसलो. त्याने 'सत्यप्रतिज्ञेवर' सुरू केलं की हात धरायचा. तो कुरकुरायचा, "अवो, ह्या बारीक अक्षरातला खाली कोण वाचतलो?" म्हटलं, काशीराम, आजपासून एकच लक्षात ठेव, टिपणीसांचा कागद म्हणजे मधोमध मथळा, डबल स्पेस, खाली तळटिपा. शिकला हो बिचारा, घोटून घोटून शिकला. आणि लेख स्वीकारला! पत्र आलं, 'लेख उत्तम आहे, पाळी येईल तेव्हा छापू.'

पाळी? कधी? घाटकोपरला संपादकांच्या घरी जाऊन थडकलो. ते झोपाळ्यावर बसून म्हणाले, "टिपणीस, कंपोझिटर गावी गेलाय, कागद मिळत नाही, घाई काय आहे? हक्क कोणाचाही असो, पापड तर वाळतायत ना?"

इकडे कमिटीची बैठक सोमवारी. रत्नप्रभाबाईंना पत्र दाखवलं, तर म्हणाल्या, "पत्र काय, कोणीही आणतं हो. असं करा, लेख स्वीकारलाय असं एक ॲफिडेव्हिट द्या, मी कमिटीत रेटते." ॲफिडेव्हिट! तुम्हाला सांगतो, इतका आनंद झाला मला. म्हटलं, हे तर आपल्या काशीरामच्या हातचा मळ, याला काय शिकवायचंय? मजकूर चिठ्ठीवर लिहून दिला आणि कोर्टात शिरलो. दुपारी माझी केस पुकारली असताना काशीराम धावत दारात आला, मी फुल्या बघितल्या, सह्या ठोकल्या, शपथेचा शिक्का मारून घेतला आणि कागद कॉलेजात पाठवून दिला.

मंगळवारी बाईंनी बोलावलं. समोर कमिटीचा ठराव आणि माझं ॲफिडेव्हिट. मधोमध मथळा, 'एका लेखाचा स्वीकार: काही विचार'. डबल स्पेस. दर ओळीला तळटीप. 'सत्यप्रतिज्ञेवर' हा शब्द औषधालासुद्धा नाही, आणि कोपऱ्यात आमच्या कोर्टाचा गोल शिक्का. ठरावात लिहिलेलं, 'श्री. टिपणीस यांचे प्रसिद्ध लेख: नाहीत. अप्रसिद्ध लेख: दोन. प्रगती समाधानकारक. नेमणूक पुढील वर्षीही तात्पुरती.' बाई म्हणाल्या, "दुसरा लेख जरा आखूड वाटला हो, पण संदर्भ चांगले आहेत. हाही पाठवताय का कुठे?"

पाठवलाय. घाटकोपरलाच. काय करणार, टायपिंग तर झालेलंच होतं.