तिसरी पॉलिसी

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. एका कारखान्याच्या स्टोअरमधून नुकतेच निवृत्त झालेले ते गृहस्थ बायकोला आरोग्यविम्याची तीन माहितीपत्रकं दाखवत होते.

“अगं, कारखान्याचा विमा आता पुरायचा नाही. त्याच्या जोडीला एक घ्यायचा. म्हणून तीन कोटेशनं मागवली. नियमच आहे माझा.”

“माहितीय. स्थळंसुद्धा तीनच पाहिली होतीत.”

“आणि सगळ्यात कमी खर्चाचं निवडलं. फसलो का?”

“ते मी कशाला सांगू? पुढे बोला.”

“ही पहिली सगळ्यात स्वस्त. फक्त जुन्या दुखण्यांना तीन वर्षं काही देत नाहीत.”

“मग ती नको.”

“नको काय? आपण दोघं ठणठणीत आहोत.”

“मधली?”

“तिला वर्षभर थांबायचं.”

“आणि तिसरी?”

“ती पहिल्या दिवसापासून सगळं देते, पण दुप्पट महाग. घरात कुणाला आधीच काही निघालं असेल, तर घ्यायची ती.”

“तीच घ्या.”

“अगं, उगाच कशाला दुप्पट...”

“अहो, तीच घ्या म्हणते ना मी.”

आतून घंटा वाजली. नंबर त्यांचाच होता, पण गृहस्थ उठले नाहीत.

“कधी कळलं?”

“तुमच्या निरोपसमारंभाच्या आठवड्यात.”

“आणि मला आज सांगतेस?”

“गळ्यात हार घालून आलात, ते लगेच नकाशा काढून बसलात. कुठे कुठे फिरायचं म्हणून. तेव्हा सांगू?”

गृहस्थांनी तिसरं माहितीपत्रक तेवढं वर काढून ठेवलं.

“जा आत. कवळी नीट बसवून घ्या. मुलांना तुम्हीच सांगायचंय, तेव्हा शब्द स्पष्ट यायला हवेत.”