कुसाबाईंचं पत्र नाही

रंगनाथ : ...म्हणून मीच आलो. लागोपाठ तीन रविवार झाले, हर्षल. पत्रं वाचून झाली की मोहिनीताई रेडिओवर म्हणते, "सायखेड्याच्या कुसाबाईंचं बरेच दिवस पत्र नाही. तब्येत बरी आहे ना?" सगळं गाव मला विचारतंय, वहिनी हायेत ना म्हणून.

हर्षल : काका, हळू बोला. आई आत आंघोळ करतेय.

रंगनाथ : हळू कशापायी? आपल्या श्रोता मंडळात चाळीस माणसं, पण अशी चौकशी कोणाची नाय झाली. ऐकू दे की तिला.

हर्षल : तिला वाटतंय, रेडिओचं केंद्रच बंद पडलंय.

रंगनाथ : कोण म्हणलं?

हर्षल : मी.

रंगनाथ : आं? अरे, आज सकाळीच कांद्याच्या करपा रोगावर सांगितलं. ते ऐकून मग एसटीत बसलो मी.

हर्षल : माहितीय. सहाला चालू होतं, रोज होतं. तिला इथं शहरात, गंगापूर रोडला आणलं तेव्हा मोबाइलवर एक अ‍ॅप टाकून दिलं होतं. एका जागी बोट ठेवलं की केंद्र लागायचं. ती जागा सापडावी म्हणून काचेवर टिकली चिकटवली होती.

रंगनाथ : ठाऊक हाय. गावभर फोन करून सांगायची, पोरानं मोबाइलला कुंकू लावलं म्हणून.

हर्षल : ते अ‍ॅप रेडिओवाल्यांचं नव्हतं. दुसऱ्याच कुणाचं, जगभरची केंद्रं लावणारं. संक्रांतीच्या आधी सरकारी रेडिओनं ठरवलं, आमचे कार्यक्रम आमच्याच अ‍ॅपवर ऐका. बाकीच्यांचं तोडलं. त्या सकाळी आई टिकलीवर बोट दाबत बसली होती, आणि काहीच लागत नव्हतं.

रंगनाथ : मग त्यांचं घ्यायचं. फुकट नाय का?

हर्षल : फुकटच. घेतलं पण. त्यात नंबर टाका, ओटीपी टाका, मग यादीतून केंद्र शोधा. दोन दिवस गेले की पुन्हा पहिल्यापासून. तिला तर स्क्रीन दिसत नाही. अंबडला कारखान्यात माझी दुसरी पाळी, झोपायला एक वाजतो. आणि ही सहाला हलवायची, "हर्षल, तेवढं लावून दे." आठ दिवस दिलं लावून. नवव्या दिवशी झोपेतच म्हणालो, आई, केंद्रच बंद पडलं आता.

रंगनाथ : आणि ती?

हर्षल : "बरं" म्हणाली. माझं पांघरूण सारखं केलं.

रंगनाथ : उठल्यावर तरी खरं सांगायचंस.

हर्षल : सांगणारच होतो. पण तिनं उशाखालची कोरी पोस्टकार्डं काढून उज्वलाच्या हातात दिली. म्हणाली, सूनबाई, ठेव खणात, आता कुठं लागायची. ते बघितलं आणि तोंडच उघडेना. एक दिवस गेला, दोन गेले. आता दोन महिने झाले.

रंगनाथ : तिनं पन्नाशीत पाटी धरली, हर्षल. मोहिनीताईला आपल्या हातानं लिवायचं म्हणून. दोन वर्षं गिरवत व्हती. डोळे गेले तवा ती सांगायची अन् तू लिवायचास, तर वाटलं, चला, पोरगा हाय.

हर्षल : चार शिव्या द्या, काका. पण तिला तुम्ही सांगू नका. मी सांगतो.

रंगनाथ : सांग मग. नळ बंद झाला बघ.

(कुसाबाई भिंतीला हात लावत बाहेर येतात.)

कुसाबाई : भाऊजी का? तंबाखूच्या वासावरनं वळखलं. उज्वलानं च्या दिला का कामाला जाताना?

रंगनाथ : दिला, वहिनी. मी जरा खाली जाऊन येतो.

हर्षल : बसा, काका. तुमच्यासमोरच बोलतो. आई, केंद्र बंद पडलेलं नाही. मी खोटं बोललो.

कुसाबाई : हां.

हर्षल : हां म्हणजे?

कुसाबाई : ठाऊक हाय मला. तू म्हणला तवाच गावाकडं पुतळाबाईला फोन लावला. इकडं येताना माझा रेडिओ तिलाच दिलेला ना. म्हणलं, बाई, आता त्यात सेल घालू नको, केंद्र बंद पडलं. तर ती म्हणती, मग हे काय वाजतंय? फोन नेला रेडिओपाशी. वाजत व्हता.

हर्षल : म्हणजे दोन महिने तू...

कुसाबाई : रोज सहाला तीच फोन करती. रेडिओम्होरं ठिवती. मी गोधडीत तोंड घालून ऐकती, बारीक आवाज करून. तुझी झोप मोडू नये.

रंगनाथ : अन् ती पुतळाबाई गावात एक अक्षर बोलली नाय!

कुसाबाई : तिला माझी शपथ घातली व्हती.

रंगनाथ : मग मोहिनीताई विचारत व्हती ते...

कुसाबाई : तिन्ही रविवार ऐकलं. माझं नाव घेती बाई, अन् मी गोधडीत गप.

रंगनाथ : मला सांगायचं, वहिनी. मी लिवून टाकलं असतं.

कुसाबाई : तुमी पेटीत टाकायच्या आधी पारावर वाचलं असतं. अन् ह्याला लिही म्हणलं असतं, तर मला ठाऊक हाय हे कळलं असतं ह्याला. खाली मान घालून बसला असता. आत्ता बसला आसंल, तसा.

हर्षल : चुकलं माझं, आई.

कुसाबाई : मीबी उठवायचीच की रोज. एक वाजता निजलेल्या माणसाला.

हर्षल : तू नको ना असं बोलूस. आजच साधा रेडिओ आणतो, खटक्याचा.

कुसाबाई : आण सावकाश. आधी खणातलं कार्ड काढ. ती बाई काळजीत हाय.

हर्षल : काढलं. सांग.

कुसाबाई : मोहिनीताईला कुसाबाईचा नमस्कार. मधी दोन महिने मी आजारी व्हते, म्हणून पत्र नाय.

हर्षल : आजारी कुठं होतीस? मी खरं लिहितो. माझ्यामुळं राहिलं, असं.

कुसाबाई : आजारीच लिही.

हर्षल : काकांना कळलंच आहे आता.

रंगनाथ : मी काय ऐकलं नाय, बाबा. मी खालीच गेलो व्हतो.

हर्षल : आई, निदान पत्रात तरी खरं असू दे.

कुसाबाई : ती पत्र वाचून दाखवती, बाळा. सगळं सायखेडं ऐकतं.