सतत पेटणारा लाल दिवा

मंडळी, हॉल भरलाय. मागे काही जण उभे आहेत, त्यांनी पुढे यावं, इथे खुर्च्या आहेत.

मीनावहिनी, तुमच्या नवऱ्याबद्दल दोन शब्द बोलायला तुम्ही सांगितलंत म्हणून उभा राहिलो. मला नीट बोलता येणार नाही. दुःख आहे हे खरं, पण त्याहून जास्त चीड आलीय. शोकसभेत चिडू नये म्हणतात. मला जमत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. मी सुभाष. अंबडच्या आमच्या वर्कशॉपमधला श्रीकांतचा भागीदार, आणि त्याआधी पॉलिटेक्निकमध्ये त्याच्या बाकावरचा. आत्ता माझ्या आधी बोललेले साहेब म्हणाले, श्रीकांत काळाच्या पुढे होता. साहेब, माफ करा. नव्हता. तो ज्या प्रोसेसरबद्दल बोलायचा तो बाजारात मिळत होता. आमच्या ड्रॉवरमध्ये पडलेला होता. काळाच्या पुढे होता म्हटलं की आपण सगळे सुटतो, म्हणून आपण तसं म्हणतो.

श्रीकांतचे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला. आम्ही त्याला चिडवायचो, बाप वीज बनवतो आणि पोरगा वाचवतो. नव्वदच्या दशकात आम्ही सगळे जास्त वेगवान प्रोसेसरच्या मागे होतो. हा मात्र कमी वीज खाणारे शोधायचा. लोक स्थळ बघताना घराणं बघतात तसा हा प्रोसेसरची घराणी बघायचा. एकाच घराण्यातले दोन भाऊ असायचे. काम तेच, बोर्डावर जोडायचे पाय तेवढेच. एक दिवसभर जागा राहून वीज खात बसणारा. दुसरा काम झालं की झोपणारा, हाक मारली की उठणारा. श्रीकांत म्हणायचा, सुभाष, हा धाकटा आपला.

मग दोन हजार सालानंतर त्याहून कमी खाणारं नवं घराणं आलं. झोपेत जवळजवळ काहीच खात नव्हतं. श्रीकांत लहान मुलासारखा खूश. त्यातून त्याने ती डबी केली. आरोग्य केंद्रातल्या लसींच्या फ्रिजमध्ये ठेवायची डबी. दर थोड्या वेळाने उठायचं, तापमान मोजायचं, लक्षात ठेवायचं, झोपायचं. दोन पेन्सिल सेलवर वर्षानुवर्षं. लोडशेडिंगमध्ये फ्रिज किती वेळ गरम राहिला, लस वापरायची की फेकायची, हे त्यातून कळणार. कुणाच्या लेकराला ती टोचायची की नाही, एवढा साधा प्रश्न.

पहिली डबी कळवणकडच्या एका केंद्रात लावली. महिन्याने गेलो, तर आत फक्त त्या सकाळपासूनची नोंद. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "सर, याच्यात जीवच नाय वाटत. दिवा नाय, आवाज नाय. मी रोज सकाळी सेल काढून परत बसवते, मंग चालू व्हत आसंल." सेल काढले की नोंद पुसली जायची. बाईंची काय चूक? ट्रान्झिस्टर बंद पडला की आपणही तेच करतो. मी श्रीकांतला म्हटलं, अरे, माणसाला काहीतरी दिसायला हवं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दिवा लावून आणला. डबी जागी झाली की क्षणभर लुकलुकणार, परत बंद. सेलला काही फरक नाही. बाई खूश. झालं होतं हो काम. खरंच झालं होतं.

मग ते आरोग्य खात्याच्या खरेदीच्या बैठकीत गेलं. तिथे टेंडरच्या अटींत एक ओळ घातली गेली. डबीवर लाल दिवा हवा आणि तो सतत पेटता हवा. का? तर लुकलुकणारा दिवा म्हणजे बिघाड, असं कुणीतरी म्हणालं. श्रीकांतने सांगितलं, हा दिवा एका दिवसात जेवढं खाईल, तेवढ्यात माझा प्रोसेसर कितीतरी महिने काढेल. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढला. त्याला गोड बोलता येत नव्हतं. कुणी ऐकलं नाही. शेवटी दिवा लावून दिला, कारण डबीच नसण्यापेक्षा बरी.

काय झालं? सेल काही आठवड्यांत संपले. नवे सेल कुणी पाठवले नाहीत. डब्या मेल्या. त्याच केंद्रात उन्हाळ्यात वीज गेली, फ्रिज तापला, आणि किती तापला हे सांगायला काहीच जिवंत नव्हतं. लस फेकली. तोवर त्यातली लस टोचलेल्या मुलांना परत टोचायचं ठरलं. बाई पुन्हा घरोघर गेल्या, श्रीकांत त्यांच्याबरोबर गेला. एका आईने दारातच विचारलं, "पयलं औषध खोटं व्हतं का?" बाईंनी पिशवीतून नवी लस काढली.

आणि बोभाटा काय झाला? श्रीकांतचं यंत्र टिकत नाही. श्रीकांतचं.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये त्याला बोलायला बंदी होती. तरी बोलला. काय विचारलं असेल? मुलीचं? वर्कशॉपचं? विचारलं, "नव्या टेंडरमध्ये ती ओळ आहे का गेली?" मी म्हटलं, आहे. तो भिंतीकडे तोंड करून पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

मघाशी कुणीतरी सुचवलं, श्रीकांतच्या नावाने दरवर्षी ढाल द्यावी. देऊ नका. त्याला ढालीचं काय करायचंय? ते टेंडर याच महिन्यात निघणार आहे. त्याचा मसुदा ज्यांच्या टेबलावर आहे, ते या हॉलमध्ये बसलेत. मला इथून दिसतायत. मी नाव घेत नाही. ती ओळ तेवढी खोडा. एका रेघेचं काम आहे.

श्रीकांत, मित्रा, तुला मी एकदाही नीट शाबासकी दिली नाही. आज देतो. तुझं यंत्र चांगलं होतं.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू या. सगळ्यांनी उठावं. फक्त ती ओळ खोडायचा अधिकार ज्यांना आहे आणि खोडायची ज्यांची इच्छा नाही, त्यांनी कृपा करून बसून राहावं.