पाण्याची चावी

मृत्यूच्या दाखल्याच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि तिच्या गावचा माणूस उभे होते.

"तुझे बाबा देवमाणूस गं. तीस वर्षं रोज पहाटे टाकीवर जाऊन गावाला पाणी सोडलं."

"आणि एक दिवस नाही सोडलं, तेव्हा काय केलंत काका?"

"आम्हाला काय ठाऊक, आत ते..."

"दार बडवलंत. म्हातारा माजलाय म्हणालात. शेजारच्या काकूंनी ऐकलंय."

"अगं, नळ कोरडे. माणूस चिडतोच."

"दुसऱ्या दिवशी सकाळी दार फोडलंत. बाबा जमिनीवर, गार पडलेले. मग?"

"मग लगेच तुला फोन केला ना!"

"फोन दुपारी आला, काका. खुंटीवरची चावी नेऊन पाणी मात्र तुम्ही सकाळीच सोडलंत."