ज्याच्यासाठी काम, त्याचीच सही

"हॅलो?… हॅलो, कोण?… काकू, तुम्ही होय!"

मिस्त्रीच्या बायकोने ओला हात पदराला पुसला, फोन दुसऱ्या कानाला घेतला आणि मधला पडदा ओढून घेतला. पडद्याच्या अलीकडे स्वयंपाकघर, पलीकडे दुकान. तिथे तिचा नवरा एका चौकटीला रंधा मारत होता. फोन वाजला तेव्हा ती उचलायला कचरली होती. तिला वाटलं, मशीनवाला. लाकूड कापायचं मशीन त्यांनी हप्त्यावर घेतलेलं, आणि हप्ते तुंबलेले. आज संध्याकाळपर्यंत एक तरी भरा, नाहीतर गाडी पाठवून मशीन उचलावं लागेल, असं त्या कंपनीतल्या माणसाने काल 'ताई, ताई' करत अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. त्यामुळे काकूंचा आवाज ऐकून तिच्या जिवात जीव आला. ज्यांच्याकडून येणाऱ्या पैशांतून तो हप्ता भरायचा होता, त्याच या काकू.

"नाही हो, काम कसलं… बोला ना. जेवलात का?… अहो, दोन घास तरी पोटात घालायचे… हं… हो ना. घर खायला उठतं, कळतं मला… महिनाही झाला नाही अजून, इतक्यात कशी लागेल झोप?… नाही, नाही. पैशांचं मी काही विचारलं का? तुमचं तुम्ही सवडीनं…"

हे शेवटचं तिने बोलायला नको होतं. पण जीभ नेहमीच्या वळणावर गेली.

"काय म्हणालात?… कठडा?… काढायचा?"

रंध्याचा आवाज चालूच होता. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"पण काकू, परवाच तर म्हणालात ना, की बरं झालं तो आहे… हो, गुडघ्यांना आधार होतो, रात्री उठलं की त्यालाच धरून न्हाणीपर्यंत जाते, असं म्हणालात की… मग आता एकदम?… हॅलो? ऐकू येतंय का?… कोणाला विचारताय काकू?… नाही, मला वाटलं तिकडे कोणी बोललं."

काकूंचे यजमान आयुष्यभर बस चालवत होते. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. दवाखान्यातून ते चाकाच्या खुर्चीवर घरी यायचे होते, म्हणून मिस्त्रीने त्यांच्या दाराला लाकडी उतरण करून दिली, आणि झोपायच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला कठडा. बसलेल्या माणसाचा डावा हात जिथे पोचेल, बरोबर त्या उंचीला. ते काम त्यांना हप्त्याने करून दिलं होतं. काही हप्ते आले. मग काका गेले.

तोच कठडा काढायचा, एवढं बोलायला काकू दर वेळी अडखळत होत्या, आणि प्रत्येक अडखळण्यानंतर नवीनच काहीतरी सांगत होत्या. स्वतःचं बोलणारा माणूस असा बोलत नाही. शाळेत मागच्या बाकावरून कोणी उत्तर सांगावं, तसं चाललं होतं ते.

"काकू, एक करा. मी विचारते, तुम्ही नुसतं हो किंवा नाही म्हणा. जास्त बोलू नका… जवळ मुलगा उभा आहे?… बरं… घर विकायचं ठरलं?… अगोबाई. गिऱ्हाईकसुद्धा आलं?… आणि तुम्ही? त्याच्याकडे?… वरच्या मजल्यावर ना त्याचं घर? तिसऱ्या… लिफ्ट आहे?… नाही… हं… हं."

"तुमच्या मनात आहे का, काकू?"



"असू द्या. नका सांगू."

मिस्त्रीच्या बायकोची थोरली बहीण शिलाईचं दुकान चालवते आणि गिऱ्हाइकांना हप्त्यानेच कपडे देते. तिचा एक पैसा कधी बुडत नाही. 'देताना गोड लागतं, मागताना कडू, म्हणून देतानाच थोडं कडू व्हावं,' हे तिचं म्हणणं. तिनेच या दोघा नवराबायकोला समोर बसवून सांगितलं होतं. लाकूड, स्क्रू, पॉलिश, म्हणजे जे आपल्या खिशातून जाणार, त्याचे पैसे आधी घ्यायचे. हप्ते पाडायचे ते फक्त मजुरीचे. काम टप्प्याने करायचं, एका टप्प्याचा हप्ता आला की दुसऱ्याला हात. आणि कागदावर ज्याच्यासाठी काम करतो त्याची सही तर हवीच, शिवाय घरातल्या आणखी एकाची. हप्ता चुकला तर सहीवाल्याशी बोलायचं, आणि सहीवाला चुकला तर दुसऱ्याशी.

ऐकताना दोघांनी माना डोलावल्या होत्या. पण काका त्याच आठवड्यात घरी यायचे होते. टप्पे पाडायचे म्हणजे खुर्ची अर्ध्या उतरणीवर टांगून ठेवायची का? आणि न्हाणीच्या चार पावलं आधी संपणारा कठडा कोणाच्या कामाचा? मिस्त्रीने स्वतःच्या उधारीवर लाकूड उचललं आणि रात्रीचा दिवस करून काम एकदम उरकलं. थोडे पैसे आधी आले. बाकी कागदावर.

तो कागद घेऊन तीच गेली होती. काका खाटेवर टेकून बसले होते. ज्याच्यासाठी काम, त्याचीच सही, असं ते म्हणाले. शब्द तोंडातून नीट निघत नव्हते, तरी हे वाक्य त्यांनी पूर्ण केलं. मग पेन डाव्या हातात धरून त्यांनी नाव काढायला घेतलं. एकेक अक्षर डोंगर चढावा तसं चढत होते. नाकावर घाम आला होता. काकू शेजारीच उभ्या होत्या, आणि कागदावर खाली जागा रिकामी होती. पण त्या सहीनंतर तो कागद काकूंकडे सरकवायचा, म्हणजे काकांच्या तोंडावर विचारायचं, की तुम्ही गेलात तर कोण देणार? ती उठली. कागद घडी करून पिशवीत टाकला आणि म्हणाली, झालं काका, एवढंच हवं होतं.

"…कोणाला देताय फोन? काकू?… कोण? हो, नमस्कार दादा… हो, मीच. हिशेब मीच बघते… ते दुकानात आहेत, हात गुंतलेत त्यांचे. माझ्याशी बोला ना… वडिलांचं ऐकून फार… बरं. बोला."

रंधा थांबला. 'काकू' हा शब्द पडद्यातून पलीकडे गेला असावा. पडद्याच्या कडेला नवऱ्याचा चेहरा आला, पापण्यांवर भुसा. त्याने अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून भुवया उंचावल्या. पैसे? तिने तळहात दाखवला. थांबा. तो मागे फिरला नाही. तिथेच दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"हो, सही त्यांचीच आहे… नाही, तुमची नाही. काकूंचीही नाही… कोर्टाचं नाव मी काढलं का दादा?… नाही ना. मग… बरोबर आहे. कागदाप्रमाणे तुमचं अगदी बरोबर आहे. तुम्ही बांधलेले नाही… हो, बापाला जाऊन विचारा म्हणालात, ते ऐकलं मी… नाही, राग नाही आला."

"परत घेऊन मी काय करू हो?… अहो, कापलेलं लाकूड परत ओंडक्याला चिकटत नाही. ते काकांच्या हाताच्या मापाचं आहे, ते दुसऱ्या कोणाच्या हाताला लागायचं नाही… जळणाला?… हो, जळेल. जळायला काय, सगळंच जळतं."

नवऱ्याने हे ऐकलं आणि खाली बघितलं. तिला लगेच वाईट वाटलं. त्या लाकडाला त्याने चार हात पॉलिश दिलं होतं, म्हाताऱ्या कातडीला कुसळ लागू नये म्हणून.

"दादा, ऐका ना. घराचा विसार आला असेल की हातात?… नाही, सगळे नाहीच मागत. सगळ्याचं नंतर बघू. एक हप्ता. फक्त आज… आज का म्हणजे… आमच्या डोक्यावरही कोणाचं तरी असतं ना. आम्हाला उधार देणारे काही तुमच्याइतके… बरं, निम्मा? निम्मा हप्ता द्या. मी स्वतः येते घ्यायला, तुम्हाला चालायलाही नको… हं… हं… उद्या?"

चौकटीत नवरा सरळ झाला.

"उद्या येऊन कठडा काढायचा. बरं… उतरण उचलायची… भोकं बुजवायची. वर रंग… भिंतीच्या रंगाला मिळता. आणि पैसे?… नाही, तुम्ही म्हणालात 'मग बघू', ते मी ऐकलं. पण 'बघू' म्हणजे किती, आणि कधी?"

थोरली बहीण या वेळी काय म्हणाली असती, ते तिला माहीत होतं. तिने डोळे मिटले आणि म्हणून टाकलं.

"दादा, पैसे आधी. मग हत्यार."

असं वाक्य तिने जन्मात कोणाला ऐकवलं नव्हतं. ते इतकं हळू बाहेर पडलं, की पलीकडच्याला कळलंच नाही आणि तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा तर आणखीच हळू.

"पैसे आधी, म्हटलं… हसता कशाला?… कोण? नाक्यावरचा मजूर?… कशानं काढणार तो?… पहारीनं?"

"नको. नको दादा, पहारीनं नको, ऐका माझं. न्हाणीच्या दाराशी शेवटचा आधार आहे ना, त्याच्या मागून भिंतीत नळ गेलाय. स्क्रू नळाला अगदी लागून आहेत. पहार घातलीत तर नळ फुटेल, पाणी सगळं आत येईल, आणि रात्री काकू एकट्या त्या ओल्यावर… हो, म्हणूनच सांगते. आधी लाकडाची बुचं काढायची. छोटी, गोल… दिसत नाहीत, एकाच लाकडाची आहेत ना. बोट फिरवा, म्हणजे कड लागेल. ती टोकानं उचकटली की आत स्क्रू. ते उलटे फिरवायचे, न्हाणीकडून सुरुवात करायची, खोलीच्या दारापाशी संपवायचं. एका माणसानं खालून धरून ठेवायचं, नाहीतर भार सगळा पायावर… हो. साधा पेचकस पुरे. हो, कोणालाही जमेल… अर्ध्या तासाचं काम."

बोलून झाल्यावर तिला उमगलं, आपण काय केलं ते. बुचं बसवण्यात मिस्त्रीचा हात असा, की कठडा भिंतीतून उगवल्यासारखा वाटे. तो कसा उतरवायचा हे त्याच्याखेरीज कोणालाही कळणार नव्हतं. मुलाला तो निघायला तर हवाच होता आणि भिंतही शाबूत हवी होती. त्याला अडवून धरण्याजोगं एवढं एकच त्यांच्या हातात होतं. तेही तिने उभ्या जागी, फुकट, नीट समजावून देऊन टाकलं.

"नाही, आभार कसले… दादा, फक्त काकूंना द्या ना एक मिनिट. एकच विचारायचंय, तिकडे गेल्यावर त्यांना… दादा?… हॅलो?… हॅलो?"

त्याने फोन ठेवून दिला होता. नुसतं सपाट झालं होतं सगळं.

ती वळली. नवरा तिथेच उभा होता. त्याने ऐकली होती ती फक्त तिचीच बाजू: उद्या, पैसे आधी, अर्ध्या तासाचं काम. त्यातून त्याने आपल्या परीने गोष्ट जुळवली होती, आणि ती गोष्ट त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होती. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल झाले होते.

"आधी देतायत?" त्याने ओठांनीच विचारलं.

फोन तिच्या कानावरच होता. खाली ठेवला की बोलावं लागलं असतं.

"हो… हो," ती बंद फोनमध्ये म्हणाली. "हं… हो."

ती खोटं बोलत नव्हती. कोणालाच काही सांगत नव्हती. पण नवऱ्याने मान डोलावली. उद्या कशाला, आत्ताच जातो म्हणाला; त्यांचं काम उरकून पैसे घेऊन येतो, मशीनवाल्याला कळव, संध्याकाळी भरतोय म्हणून. काढायला लावतायत याचं वाईट वाटतं, असंही म्हणाला, पण पटकन, जाता जाता. पडद्यापलीकडे पेचकस, छिन्नी, भोकं बुजवायच्या पुट्टीचा डबा एकेक करून पिशवीत पडत असल्याचा आवाज आला. मग चपला शोधल्याचा.

तिने तोंड उघडलं. थांबा, एवढंच म्हणायचं होतं.

"हो काकू," ती म्हणाली. "येतायत ते… हो. निघाले."

दार लागलं. दुकानात आता कोणी नव्हतं. मशीन तेवढं होतं, आणि अर्धवट तासलेली चौकट.

"बरं, ठेवते मग," ती म्हणाली, आणि तिकडून आधी ठेवतील म्हणून, फोन कानाशी धरून, जराशी थांबली.