भट्टी नादुरुस्त आहे

नाही, मोजा की, मोजा तुम्ही मॅडम — मी भांडी धुणारा माणूस, आर्किटेक्टच्या टेपला आडवा कशाला येऊ? काचेची भिंत पार तळ्यापर्यंत नेणार म्हणता, न्या. दोनशे खुर्च्या वाढणार, वाढू द्या. मिनेसोटाच्या जानेवारीत काचेवर अशी वाफ धरेल की तळं आहे हे पोरांना सांगावं लागेल — पण ते असो. फक्त ही भट्टी का पाडताय, तेवढं सांगा. नादुरुस्त? कोण म्हणतं? अहवालात आहे? आणि अहवालात कुठून आलं?

कॉलेजच्या या मेसच्या दाराजवळच्या बोर्डावरून? हो, पोरं कागदी रुमालावर लिहून टाचतात — मटार नको, वॉफल हवेत — आणि आमच्यापैकी कोणीतरी खाली उत्तर लिहितं. कोणीतरी म्हणजे मीच, अक्षर बरं आहे म्हणून. तुमच्या समितीनं तीन वर्षांचे रुमाल वाचले? एकेक? शिकलेली माणसं, काय करतील. मला, या ऑर्विलला, एकदा विचारायचं, तर ते नाही. मग त्यात 'गुरुवारचे दालचिनीचे रोल कुठे गेले' हेच शंभरदा असणार, आणि खाली माझ्या अक्षरात — भट्टी नादुरुस्त आहे. शंभरदा. म्हणून पाडायची. बरोबरच आहे, लेखी पुरावा आहे —

अहो, ती कळ नका फिरवू. मॅडम — पेटली ना. पेटणारच. काही झालेलं नाही तिला, दर सोमवारी पुसतो मी.

खोटं का लिहिलं? खोटं काय त्यात, रोल मिळत नव्हते हे तर खरं? रोल व्हर्ना करायची. इथली बेकर. माझी बायको — हो, बायकोच, सव्वीस वर्षं ती या बाजूला आणि मी त्या खिडकीपलीकडे भांड्यांत. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेली. मी कामावर परत आलो त्याच दिवशी रुमाल — रोल कुठे, आणि पुढे एक हसरा चेहरा काढलेला. आता हसऱ्या चेहऱ्याखाली काय लिहायचं, तुम्हीच सांगा? अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, जेवायला आलेली. ढकललं सगळं भट्टीवर. पुढच्या गुरुवारी तेच. मग सवयच लागली — आणि खरं सांगू, बरं वाटायचं. नादुरुस्त म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, होईल कधीतरी दुरुस्त. लिहिणाऱ्यालाही —

काय लिहिताय? 'चालू स्थितीत'? खोडा ते. चालू म्हटलंत की साहेब दुसरा बेकर आणतील, गुरुवारी रोल होतील, पोरं खातील, 'झकास' म्हणून रुमाल टाचतील. त्याच्याखाली उत्तर मलाच लिहावं लागेल. नको. पाडा तुम्ही. एवढी मोठी समिती, तिला चुकीचं कशाला ठरवायचं?

बंद करा ती आता. डावीकडे फिरवा — नाही, राहू द्या. असू दे जरा वेळ पेटलेली. तुम्ही जा, मॅडम. जाताना दार ओढून घ्या.