गाडीतले अकरा नारळ

समारंभाचे अध्यक्ष सरपंच दाजी परब, व्यासपीठावरील हेडमास्तर आणि डॉक्टरसाहेब, ज्यांना आज बदलीनिमित्त निरोप देतो आहोत ते फौजदार निकमसाहेब, आणि आचऱ्यातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आरोपीने फौजदाराचा गौरव करावा, असा प्रसंग कुणी पाहिला आहे काय? मी लवू मेस्त्री सोमवारी कोर्टात पिंजऱ्यात उभा राहणार, आणि साहेब समोर साक्षीला. म्हणून सांभाळून घ्या.

माझी लिलावातली जुनी जीप. पंचक्रोशीत दुसरी गाडी नाही. आजाऱ्याला मालवणच्या दवाखान्यात पोचवतो, दिडकी घेत नाही. पण आपली रीत पडली! होडी असो की गाडी, माणूस सुखरूप परतला की घरचे तिच्यापुढे नारळ ठेवतात. तो परत कसा करणार? नाक्यावर साहेबांनी मागची बैठक उचलली, अकरा नारळ निघाले. म्हणाले, "हे भाडंच. खाजगी गाडी, परमिट नाही." जीप जप्त. मनातल्या मनात मी यांना शिव्या घातल्या, आज कबूल करतो.

नवव्या दिवशी, भर दुपारी, खळ्यावर मळणी करताना शेवंतीला फुरसे डसले. तिचा घोव महादू तिला पाठीवर घेऊन चौकीत शिरला. मीही धावलो.

"गाडी सोडा, सायबानू. माका दुसरा कायएक नको," महादू म्हणाला.

जप्तीचा माल कोर्टाच्या हुकमाशिवाय हलवता येत नाही. तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागले होते. मी नुसता किल्लीकडे बघत होतो. मग साहेबांनी डायरीत लिहिले, 'गाडी माझ्या जबाबदारीवर सोडली', आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

शेवंती ती पुढे बसली आहे. पंधरा दिवसांत बदलीचा हुकूम आला. का आला, ते बोलू नको असे साहेबांनी बजावलंय.

सोमवारी निकाल विरुद्ध गेला तर जीप गेली, आणि पुढच्या शेवंतीला पाठीवरूनच न्यावे लागेल.

साहेब, हा महादूच्या घरचा नारळ. त्या दिवशी गाडी तुमच्या जबाबदारीवर होती, तेव्हा मान तुमचा. घेतलात तर सोमवारी माझा वकील विचारील, फौजदारसाहेब, तुम्हीही भाडे घेतलेत काय? जे खरे वाटेल तेच सांगा.

आपण सर्वांनी ऐकून घेतलेत, उपकार झाले. एखादा शब्द वाकडा गेला असेल तर आरोपीचा म्हणून सोडून द्या. साहेब, हात पुढे करा.